विमानाच्या पोटाखालची टाकी

गाडीला पोचा पडला की मालक आधी ड्रायव्हरला शिव्या घालतो, मग समोरच्या गाडीवाल्याला, आणि दोघांचं करून झालं की आमच्याकडे येतो. तोवर त्याचा राग बराचसा उतरलेला असतो, म्हणून आमचं काम सोपं. आमच्यासमोर उरतो तो फक्त पत्रा. मी आयुष्यभर पत्रा ठोकला. लोक आम्हाला डेंटर म्हणतात. खरं तर डेंट पाडतात ते दुसरे, आम्ही काढणारे. पण नाव आमच्या कपाळी चिकटलं ते चिकटलं.

बाहेरच्याला वाटतं हातोडा मारला की पत्रा सरळ होतो. तसा मारला तर पत्रा ताणतो, फुगतो, आणि पोच्याच्या जागी टेंगूळ येतं. पत्र्याच्या मागून डाव्या हाताने लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला आम्ही डॉली म्हणतो, आणि पुढून हातोडी अशी मारायची की ठोकळ्यावर ती नुसती वाजली पाहिजे. मग तळहात फिरवायचा. डोळ्याला जे सपाट दिसतं ते तळहाताला सपाट लागेलच असं नाही, आणि आमच्या धंद्यात निकाल तळहाताचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. गिरगावातल्या एका वकिलाने आख्खी गाडी नवीन करून घेतली, पण मागच्या दारावरचा एक पोचा तसाच ठेवायला सांगितला. त्याच्या बायकोने गाडी शिकताना तो गेटच्या खांबावर पाडला होता, आणि आता ती नव्हती. मी त्या पोच्यावर इतक्या जपून रंग मारला, की तेवढी काळजी मी कधी सरळ पत्र्याचीही घेतली नसेल.

पण हे सगळं दुरुस्तीचं झालं. नवी अशी एकच गाडी मी घडवली. ती रस्त्यावर चालणारी नव्हती, तिला हॉर्न नव्हता, दिवे नव्हते, दुसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती. ती फक्त सरळ रेषेत, जमेल तेवढ्या जोरात पळायची होती. तिच्याबद्दल मी घरीसुद्धा फारसं बोललेलो नाही.

तेव्हा मी लालबागला चाळीत राहायचो आणि गिरगावात फेलिक्सबाबच्या गॅरेजमध्ये कामाला होतो. फेलिक्स गोव्याचा नव्हता. ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा ख्रिस्ती. गिरगावातल्या लाकडी जिन्याच्या घरात त्याच्या चार पिढ्या गेलेल्या. पण मी मालवणकडचा, माझ्या तोंडात तिकडचं मानाचं ‘बाब’च बसलं, आणि पुढे गॅरेजमधले सगळेच त्याला बाब म्हणायला लागले. चाळिशीचा, उंच, सडसडीत माणूस. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो विमानतळावर फिटर होता. इंजिनाच्या पोटाला कान लावून कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही ते सांगायचा.

एका दुपारी त्याने मला एक चित्र दाखवलं. कुठल्या तरी अमेरिकन मासिकातलं फाडलेलं पान. वाळवंटासारख्या पांढऱ्या जमिनीवर चार उघडी चाकं, आणि त्यांच्या मधे एक लांबट, माशासारखी चंदेरी वस्तू. तिच्यातून माणसाचं डोकं तेवढं वर.

“ही काय आहे, ओळख,” तो म्हणाला.

“टॉर्पेडो?”

“टाकी आहे, मॅन. पेट्रोलची टाकी.”

लढाऊ विमानाला लांब जायचं असलं की त्याच्या पोटाखाली किंवा पंखाखाली जास्तीची टाकी टांगत. त्यातलं पेट्रोल संपलं की वैमानिक खटका ओढायचा आणि टाकी खाली पडायची. हवेला कापत जावी म्हणून तिचा आकार पुढे गोल, मागे निमुळता. लढाई संपल्यावर अमेरिकेत काही वेड्यांनी त्या टाक्या उचलल्या, आत इंजिन आणि माणूस बसवला, आणि वाऱ्याशी शर्यत लावली. तसला आकार हाताने ठोकून काढायचा तर चांगल्या कारागिराचं अख्खं वर्ष जाईल. इथे तो आयता मिळत होता.

मुंबईबाहेर लढाईतली एक ओसाड धावपट्टी होती. दर हिवाळ्यात गाड्यांचे शौकीन तिथे जमून घड्याळ लावून गाड्या पळवत. एकेकाने एकटं पळायचं, दोन झेंड्यांमधलं अंतर कोण किती वेळात कापतो ते बघायचं. फेलिक्सबाब तिथे दरवर्षी दुसऱ्यांच्या गाड्यांची इंजिनं जुळवायला जायचा. आता त्याला स्वतःची हवी होती.

“इंजिन माझ्याकडे आहे. चासी मी करतो. दत्ता, तू मला टाकी शोधून दे.”

लढाईतलं उरलेलं सामान तेव्हा ‘डिस्पोजल’ म्हणून विकलं जायचं. बूट, ब्लँकेट, रेडिओ, दुर्बिणी, जीपचे गिअर, काय वाटेल ते. मला वाटलं, टाक्या ढिगाने मिळतील. पण मी दहा-बारा वर्षं उशिरा निघालो होतो.

भांडी बनवणाऱ्यांच्या एका कारखान्यात मला पहिली टाकी दिसली. म्हणजे तिचं नाक दिसलं. बाकीचा भाग कापून, गोल तबकड्या पाडून, त्यांची पातेली झाली होती. कारागीर म्हणाला, “आधी यायला पाहिजे होतं. अशा कैक आल्या आणि गेल्या. पत्रा एक नंबर होता.” मुंबईतल्या कितीतरी घरांत विमानाच्या पोटाखालच्या टाकीत भात शिजत होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

दुसरी, जहाजं फोडतात त्या दारूखान्याच्या भंगारात सापडली. अख्खी, चंदेरी, एक ओरखडा नाही. मी हरखलो. हातगाडीवर घालून थेट गिरगावला आणली. फेलिक्सबाबने बोटाने टिचकी मारली आणि चेहरा पाडला. पत्रा वाजतो, ही टाकी पुठ्ठ्यासारखी बोलली. आणि पुठ्ठाच होता! लढाईत धातूचा तुटवडा पडला तेव्हा काही टाक्या डिंक लावलेल्या कागदाच्या थरांच्या केल्या होत्या, वरून चंदेरी रंग. फेलिक्सबाबला हे माहीत होतं, मला नव्हतं. आठवडाभर गॅरेजमध्ये माझं नाव ‘कागदी विमान’ पडलं होतं.

तो मात्र हसला नाही. टाकीवरून हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, निराश झाला असेल.

मग अर्धी टाकी मिळाली. ही टाकी दोन अर्ध्या शेंगांसारखी असते, वरची आणि खालची. मधे काठाला काठ लावून, काठावरच्या भोकांतून बोल्टांनी जोडलेली. खालचा अर्धा भाग मला अंधेरीच्या बाजूला एका म्हशींच्या गोठ्यात दिसला. भय्याने त्याची गव्हाण केली होती.

“नहीं देगा,” तो म्हणाला. “भैंस को इसी में खाने की आदत है.”

मी त्याला सिमेंटची गव्हाण बांधून द्यायचं कबूल केलं. तो म्हणाला, आधी बांध, म्हैस त्यात खाते का बघू, मग ने. रविवारी जाऊन मी गव्हाण बांधली. पुढच्या रविवारी जाऊन म्हैस खाते की नाही ते बघत उभा राहिलो. माझ्या आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीची मी एवढी वाट पाहिली नव्हती. तिने खाल्लं.

खालचा भाग उत्तम होता. वरच्याचा पत्ता नाही. मी फेलिक्सबाबला म्हटलं, “बाब, वरचा मी ठोकतो. हा साचा समोर आहे. वेळ लागेल, पण होईल.”

“नको. टाकी म्हणजे टाकी. दुसरा अर्धा कुठे तरी आहे. शोध.”

आणि मी शोधत राहिलो. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून पेटलेली ती वर्षं कशी होती हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. लालबाग-परळात संध्याकाळी सभा नसेल तर चुकल्यासारखं वाटायचं. माझा थोरला भाऊ गिरणीत होता, तो प्रत्येक सभेला. मीही जायचो, घोषणा द्यायचो, आणि परत येताना वाटेतल्या भंगारवाल्यांकडे डोकावायचो. एकदा गॅरेजसमोर दोघा-तिघांनी फेलिक्सबाबला अडवून विचारलं, “तुम्ही लोक नक्की कोणाच्या बाजूचे?” तो म्हणाला, “माझा पणजोबा ह्याच गल्लीत पुरलाय. तू सांग, मी कोणाचा?” ते निघून गेले. पण त्या दिवशी त्याने काम लवकर बंद केलं.

काम तसं तो लवकरच बंद करायला लागला होता. उजेड उतरला की हत्यारं खाली. पूर्वी दिव्याखाली तासन्‌तास बसणारा माणूस. चालता चालता बाकाला अडखळायचा. शेजारी ठेवलेला पाना हाताने चाचपायचा. गॅरेजमध्ये कुजबुज सुरू झाली की बाब दुपारीच घेतो. मी त्यांना गप्प करायचो, पण माझ्याही मनात तेच होतं.

दोन दिवाळ्या अशा गेल्या. दुसरा अर्धा भाग मिळाला शीव कोळीवाड्यात. मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. एका अंगणात दगडांवर ठेवलेली लांबलचक कुंडी दिसली. आत तांबडं पाणी. तेव्हा जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून कोळी लोक झाडाची साल उकळून त्या पाण्यात बुडवत. जाळ्याचं एक टोक हातात घेऊन एक म्हातारी उभी होती. नाव जानकीबाय. मी वाकून कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं. भोकं तीच, अंतर तेच.

“काय रं दादूस, पानी कवा बगितला नाय काय?”

मी सगळं सांगितलं. विमान, टाकी, गाडी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“गारी पलवनार? कुठं जाया?”

“कुठे नाही. नुसती पळवायची.”

ती इतकी हसली की शेजारच्या बायका गोळा झाल्या. मग म्हणाली, “मंग आमची जाली कशान बुरवाची? नवीन करून आन. ह्याच्याएवरी पायजे, गलाया नको.”

मी जस्ताच्या पत्र्याची कुंडी केली. जीव ओतून केली. ती तिने पाण्याने भरून रात्रभर ठेवली, सकाळी खालची माती कोरडी आहे का बघितलं, आणि मग जुनी उचलू दिली.

ती घेऊन येताना मी परळच्या रस्त्यावर अडकलो. सकाळी सगळं शांत होतं, म्हणून निघालो होतो. पुढे मोर्चा, त्यापुढे पोलीस. एकाएकी धावाधाव झाली. अश्रुधुराने डोळे झोंबायला लागले. आमची हातगाडी भिंतीला लावून मी आणि गाडीवाला खाली बसलो. गर्दी ओसरली तेव्हा रस्त्यावर चपला पडल्या होत्या, आणि एक गिरणीवाला डोकं धरून बसला होता. बोटांमधून रक्त. आम्ही त्याला उचलून कुंडीत आडवा केला. तो त्यात बरोबर मावला. इस्पितळापर्यंत तो एकच विचारत होता, “ही होडी कुठे चालली?” त्याला आत घेतलं आणि दार लागलं. मी त्याचं नावही विचारलं नाही. नंतर एकदा गेलो, पण नाव नसलेल्या माणसाची चौकशी काय करणार?

गिरगावला पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं, आणि फेलिक्सबाबने पत्र्यातलं ते वाळलेलं रक्त पाहिलं. म्हणजे, मला तेव्हा वाटलं पाहिलं. खरं तर मी सांगितलं म्हणून त्याला कळलं. त्याने बादली आणली आणि स्वतः धुतलं. जाळ्याचा तांबडा रंग मात्र आतून कधीच गेला नाही.

दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर ठेवले तेव्हा भोकाला भोक मिळालं. फेलिक्सबाब काठावरून बोटं फिरवत पूर्ण फेरी मारून आला. “परफेक्ट,” म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. खालच्या शेंगेत पाइपांची चासी, मागे लष्करी ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन, पुढे एका माणसाची बैठक, पाय लांब करून जवळजवळ आडवं बसायचं. वरच्या शेंगेला डोक्यापुरतं भोक, त्यापुढे विमानाच्या खिडकीचा पारदर्शक तुकडा वाकवून लावलेला. माणूस बसला की वरचा टोप ठेवायचा आणि सगळीकडून बोल्ट आवळायचे. हे बोल्ट बाहेरून. आतल्या माणसाला ना टोप लावता येई, ना काढता. म्हशीच्या ढुशांनी आणि जाळ्यांच्या वजनाने जे पोचे पडले होते ते मी एकेक करून काढले. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि एका आजोबांनी वरून विचारलं, “गोळीबार झाला का हो?”

गाडी जवळपास तयार झाली, आणि एका दुपारी आम्ही गॅरेजच्या जुन्या मोटारीतून दादरहून सामान घेऊन परत येत होतो. फेलिक्सबाब चालवत होता. डावीकडच्या गल्लीतून केळीवाल्याची हातगाडी बाहेर आली. आरामात दिसत होती. फेलिक्सबाबने ब्रेक लावला नाही. मी ओरडलो आणि हँडब्रेक खेचला. तरी धक्का बसलाच. माणसाला लागलं नाही, केळी रस्त्यावर पसरली. आम्ही ती गोळा केली, माफी मागितली, नुकसान भरून दिलं. गाडीत परत बसल्यावर त्याने इंजिन सुरू केलं नाही.

“मला तो दिसलाच नाही, दत्ता.”

“असं कसं बाब? एवढी मोठी हातगाडी!”

“समोरचं दिसतं. स्वच्छ दिसतं. बाजूचं नाही. पाइपातून बघतोय असं.” त्याने दोन्ही हातांची नळी करून डोळ्यांपुढे धरली. “आधी रात्रीचं गेलं. मग बाजूचं. डॉक्टर म्हणतात, पाइप बारीक होत जाणार आणि एक दिवस बंद.”

“किती दिवस झाले?”

“तू ती कागदाची टाकी आणलीस ना, तेव्हा नुकतंच कळलं होतं.”

मला एकदम राग आला. “तर मला वरचा भाग ठोकू का दिला नाहीत? एका वर्षात गाडी उभी राहिली असती! तुम्ही सांगितलं असतं तर मी रात्रंदिवस ठोकला असता!”

“म्हणूनच नाही सांगितलं. घाईने ठोकलेल्या पत्र्यात मी बसलो नसतो.” त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली. “आणि मला वाटलं होतं, वेळ आहे.”

त्या दिवशी गाडी मी चालवत आणली.

मला वाटलं, आता विषय संपला. पण हिवाळा आला, महाराष्ट्र झाला त्याच्या आधीचा हिवाळा, आणि फेलिक्सबाब शर्यतीची तयारी करू लागला. मी म्हटलं, बाब, हे काय? तो शांतपणे म्हणाला, “धावपट्टी सरळ आहे. सरळ रस्त्याला बाजू कशाला पाहिजेत?”

खरंच होतं. समोरचं त्याला माझ्याइतकंच दिसत होतं. हात तसेच, कान तसेच. त्या गाडीची नस न् नस त्याला माहीत होती. मी स्वतःला समजावत राहिलो.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची बायको रेजिनाबाई गॅरेजमध्ये आली. एरवी ती कधी यायची नाही. डबा देण्याचं निमित्त होतं.

“दत्ता, मी त्याला अडवणार नाही,” ती म्हणाली. “मी अडवलं तर तो थांबेल, आणि मग आयुष्यभर घरात बसून माझ्याकडे तोंड करून गप्प राहील. तू तिथे असशील. तू बघ काय ते.”

“मी काय बघू, बाई?”

“तुला कळेल.”

मला काहीच कळलं नव्हतं. ट्रकवर गाडी चढवून आम्ही गेलो, सोबत रेजिनाबाईही आली. सकाळची वेळ, गार वारा, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढं वाळलेलं गवत. शौकीन मंडळी, त्यांच्या परदेशी गाड्या, खुर्च्या, छत्र्या. आमची टाकी उतरवली तेव्हा सगळे हसत हसत जवळ आले आणि जवळ आल्यावर हसायचे थांबले. एक जण पत्र्यावरून हात फिरवून म्हणाला, “हे कोणी केलं?” फेलिक्सबाबने माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं सर्टिफिकेट, आणि त्याचा आनंद मला तेव्हा झाला नाही, कारण मी गवताकडे बघत होतो. पट्टीच्या मध्यावर गवतातून एक गाय बाहेर आली होती. पोरांनी तिला हाकललं. थोड्या वेळाने पलीकडून गवताचे भारे घेतलेल्या दोन बायका पट्टी ओलांडून गेल्या. सगळं बाजूने येत होतं.

आमचा नंबर लागला. फेलिक्सबाब आत उतरला, पाय लांब केले, चष्मा चढवला. रेजिनाबाई लांब उभी होती. मी टोप उचलला. एका माणसाला पेलेल इतका तो हलका होता. उचलून धरला, आणि तसाच उभा राहिलो.

“ठेव,” तो म्हणाला.

“नाही बाब.”

“दत्ता, ठेव.”

“मी नाही बसवणार. तुम्ही दुसऱ्या कोणाला सांगा.”

दुसरं कोणी होतंच कुठे? त्या बोल्टांचा क्रम फक्त आम्हा दोघांना माहीत होता. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो त्या अर्ध्या शेंगेत समोर बघत बसून राहिला. झेंडेवाल्याने हात केला, मग पुन्हा केला. शेवटी फेलिक्सबाबने चष्मा काढला, दोन्ही हात काठावर टेकले आणि उठला. त्या क्षणी तो मला पहिल्यांदा म्हातारा दिसला.

“मग तू बस,” तो म्हणाला.

गाडी जुळवताना मी ती सावकाश अशी चालवली होती. मापाने मी त्यात बसत होतो. नाही म्हणायचं धैर्य माझ्याकडे एकदाच होतं, ते वापरून झालं होतं. मी बसलो. टोप त्याने बसवला. बोटांनी चाचपत एकेक बोल्ट आवळला, एकही चुकला नाही. मग वाकून कानाशी म्हणाला, “दुसऱ्या झेंड्याच्या पुढे जाईपर्यंत पाय उचलू नकोस. काही झालं तरी.”

पुढचं सांगायला शब्द कमी पडतात आणि ते संपलंही चटकन. आवाज एवढा की तो आवाज राहिलाच नाही. गवताच्या दोन पिवळ्या भिंती झाल्या. पहिला झेंडा मागे गेला. गाडी थरथरायची थांबली आणि तरंगल्यासारखी शांत झाली, तेव्हा मला कळलं की हिच्यात अजून खूप आहे, ही अजून मागतेय. आणि दुसरा झेंडा समोर असताना डाव्या बाजूला गवतात काहीतरी पांढरं हललं. माझा पाय उचलला गेला. क्षणभरच. लगेच दाबला. पांढरा बगळा होता. तो उडालाही नाही, गवतातच उभा राहिला.

आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या गाडीत आणि आमच्यात घड्याळाच्या एका टिकटिकीचा फरक होता. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, भंगारातून गाडी केली म्हणून पाठ थोपटली. फेलिक्सबाब रेजिनाबाईचा दंड धरून सावकाश आला.

“पाय उचललास.”

त्याने पाहिलं नव्हतं. एवढ्या लांबून त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याने ऐकलं होतं.

“हो बाब.”

“का?”

“बाजूला काहीतरी दिसलं.”

तो हसला. कडवटपणे नाही, खरंच हसला. “बघ,” म्हणाला, “मला ते दिसलंच नसतं.”

परतीच्या वाटेवर तो इतर गोष्टी बोलत राहिला.

पुढच्या वर्षी ती धावपट्टी सरकारी कामासाठी बंद झाली. शर्यत दुसरीकडे गेली, मग थांबली. फेलिक्सबाबने गॅरेज विकलं. इंजिन एका ट्रकवाल्याने नेलं, चासी भंगारात गेली. टाकीच्या दोन शेंगा बरेच दिवस त्याच्या घराच्या मागच्या अंगणात उलट्या पडून होत्या. नंतर त्या कोणी नेल्या, की रेजिनाबाईनेच काढून टाकल्या, मला माहीत नाही. मी दादरला स्वतःचं दुकान टाकलं. पत्रा ठोकत राहिलो. दर नाताळला गिरगावला जायचो. फेलिक्सबाब खिडकीत बसलेला असायचा. त्याचा पाइप केव्हाच बंद झाला होता. माझ्या पावलांवरून ओळखायचा, मुलांची चौकशी करायचा, धंदा कसा चाललाय विचारायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून म्हणायचा, “दुसरा सिलिंडर गेलाय ह्याचा.” आम्ही इंजिनांवर बोललो, राजकारणावर बोललो, बोंबिलाच्या भावावर बोललो. त्या सकाळवर कधीच नाही. मला वाटायचं, तो काढेल. त्यालाही कदाचित तसंच वाटत असेल.

तो गेला तेव्हा मी गावी होतो. महिन्याभराने रेजिनाबाईला भेटायला गेलो. तिने सरबत दिलं. खिडकीतली खुर्ची तशीच होती. मी ग्लास खाली ठेवला. मग मी एवढी वर्षं पोटात ठेवलेलं बोललो. म्हटलं, “बाई, त्या दिवशी तुम्ही मला ‘तू बघ’ म्हणालात. मी बरोबर केलं ना?”

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, स्कूटर सुरू होईपर्यंत रेजिनाबाई थांबली.

“मला तो मिळाला रे दत्ता. म्हातारा होईपर्यंत मिळाला. रोज देवाचे आभार मानत होते मी.” तिने पदराने ग्लासचा डाग पुसला. “त्याला काय मिळालं, ते तू त्याला विचारायला पाहिजे होतंस.”